सेफ्टी सोडणाऱ्या सिस्टर

करंजाड्याच्या आमच्या वृद्धाश्रमात सिस्टर रुजू झाल्या त्या दिवशी त्यांनी पहिलं काम केलं ते म्हणजे त्या झोपल्या. पर्स माझ्या टेबलावर ठेवली, चपला काढल्या आणि तळमजल्यावरच्या एका रिकाम्या कॉटवर सरळ आडव्या झाल्या. मी पाण्याचा ग्लास घेऊन शेजारी उभा. अध्यक्ष हार घेऊन दारात उभे. अर्धा तास बाई हलल्या नाहीत. मला वाटलं, प्रवासानं चक्कर आली असेल. उठल्या तेव्हा म्हणाल्या, "इथून पंखा दिसतो, जळमटं दिसतात आणि उभ्या माणसाच्या नाकपुड्या दिसतात. घड्याळ दिसत नाही. घड्याळ कुणासाठी लावलंय?"

घड्याळ माझ्या टेबलासमोर होतं. दुसऱ्या दिवशी ते कॉटसमोरच्या भिंतीवर गेलं आणि त्यानंतर मी मोबाइलमध्ये वेळ बघायला लागलो.

मी तेव्हा तिथे ऑफिस सांभाळायचो. फोन घ्यायचे, अर्ज भरून घ्यायचे, ड्यूटीचे तक्ते करायचे, आणि नातेवाईक आले की हसून बोलायचं. माझं नाव सिस्टरांनी कधीच घेतलं नाही. मला त्या 'ऑफिस' म्हणत. "ऑफिस, इकडे या." "काय करायलात ऑफिस, इथं चादर ओली आहे." मूळच्या मराठवाड्यातल्या, तीस-बत्तीस वर्षं मुंबईच्या एका सरकारी इस्पितळात वॉर्ड सांभाळलेल्या, पण 'करायलात' आणि 'बघायलेत' काही जिभेवरून गेलं नव्हतं. सानपाड्याला एकट्याच राहायच्या. आम्ही सुरुवातीला त्यांना मेट्रनबाई म्हणायचो. ते त्यांना आवडलं नाही. मेट्रन टेबलामागे बसते, म्हणाल्या, मला सिस्टर म्हणा.

त्यांची पाहणी नाकानं व्हायची. खोलीच्या दारात डोळे मिटून उभ्या राहायच्या, दोनदा श्वास घ्यायच्या आणि बरोबर त्या कॉटकडे जायच्या जिथे काहीतरी बिघडलेलं असेल. डोळ्यांना फसवता येतं, असं त्यांचं म्हणणं. वरची चादर बदलली की डोळा खूश होतो. आमच्याकडे फिनेलचा वास फार यायचा आणि आम्हाला त्याचा अभिमान होता. सिस्टरांनी फिनेल निम्म्यावर आणलं. त्यानंतर आठवडाभर आश्रमाला जो खरा वास आला त्यानं आमची मान खाली गेली, आणि मग गाद्या उन्हात निघाल्या.

दुसरी गोष्ट, त्या जेवायच्या आमच्या रहिवाशांच्या ताटातलं. म्हणजे शब्दशः. एखाद्यानं अर्धी पोळी टाकली की ती उचलून तोंडात टाकायच्या आणि स्वयंपाकघरात जाऊन सांगायच्या, तुमच्या पोळीला दात लागतात. नव्या माणसाला कामावर घेताना त्यांची एक परीक्षा असे. त्यानं कॉटवर आडवं व्हायचं, हात अंगाखाली घ्यायचे आणि दुसऱ्यानं त्याला वरणभात भरवायचा. चमचा किती भरायचा, कधी थांबायचं, हे यातून माणूस दहा मिनिटांत शिकतो. मी नवा नव्हतो तरी मलाही आडवं केलं. वरण कानात गेलं, ठसका लागला, आणि भरवणारी सुनीता, आमची सगळ्यात जुनी आया, फोनवर बहिणीशी बोलत होती. उठल्यावर मी तिच्यावर ओरडलो. सिस्टर म्हणाल्या, "बघा, तुम्हाला ओरडता येतं." अध्यक्षांनाही त्यांनी आग्रह केला होता, पण त्यांना नेमकी त्याच दिवशी ॲसिडिटी झाली.

आजी, आजोबा ही हाक त्यांनी बंद केली. ती तुमची आजी आहे का, विचारायच्या. नाही ना, मग तिला घरी काय म्हणत होते ते विचारा. प्रत्येकाच्या उशाशी एक कार्ड लागलं. एका आजींच्या कार्डावर 'वहिनी' आलं. कंपवातानं हात थरथरणारे एक शिंपी होते, त्यांच्या कार्डावर 'मास्तर'. 'मास्तर, चहा घेता का' असं पहिल्यांदा म्हटलं तेव्हा त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. दोन वर्षांत त्यांनी माझ्याकडे पाहिल्याचं मला आठवत नाही, आणि खरं सांगायचं तर मीही त्यांच्याकडे पाहिलं नव्हतं.

वाढदिवस साजरा करायला बाहेरून माणसं येतात, हा आमच्या धंद्यातला नेहमीचा प्रकार. मुलाचा वाढदिवस, सगळे नटूनथटून येतात, म्हाताऱ्यांना केक भरवतात, फोटो काढतात आणि डोळे पुसत गाडीत बसतात. सिस्टर त्यांना दारातच नेलकटर द्यायच्या. केक राहू द्या, म्हणायच्या, दोन-दोन माणसांची नखं कापा, पायाची सुद्धा. निम्मे लोक परत आले नाहीत. अध्यक्ष चिडले. पण एक जाडजूड गृहस्थ दर महिन्याला येत राहिले, आपला चष्मा आणि आपलं नेलकटर घेऊन. मला तेव्हा तो सगळा हट्ट वाटायचा. अजूनही थोडा वाटतो.

त्या काही प्रेमळ नव्हत्या, हे सांगायला हवं. जीभ तिखट. चार आया त्यांच्या तोंडाला कंटाळून सोडून गेल्या. कुणाच्या पाठीवरून हात फिरवताना मी त्यांना पाहिलं नाही. कुठलाही नियम सांगा, त्यांचा एकच प्रश्न असे: "ही सोय कुणाची?" संध्याकाळचं जेवण साडेपाचला का, ही सोय कुणाची. संडासाला आतून कडी नाही, ठीक. पण दारच नीट लागत नाही, ही सोय कुणाची. उत्तर नेहमी एकच निघायचं आणि ते आमच्या अंगावर यायचं.

आता सेफ्टीबद्दल. आमच्याकडे 'सेफ्टी' म्हणजे जुन्या चादरींच्या लांब पट्ट्या. जो रहिवासी उठून भटकतो, पडायची भीती असते, त्याला कमरेला आणि मनगटांना पट्टी लावून कॉटला किंवा खुर्चीला बांधायचं. बांधलं असं कुणी म्हणत नसे. सेफ्टी लावली म्हणायचं. नातेवाईकांच्या अर्जात तशी सही असायची. सिस्टर आल्या तेव्हा चार जणांना सेफ्टी होती, त्यांत मास्तर एक.

ही सोय कुणाची, हे त्यांनी विचारलंच. मी नेहमीचं उत्तर दिलं: त्यांचीच हो सिस्टर, पडले तर हाडं मोडतील. त्यांनी वाद घातला नाही. दुपारी दोन वाजता मास्तरांच्या शेजारच्या खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "मला लावा. चार वाजेपर्यंत सोडायचं नाही." मी हसलो. त्या हसल्या नाहीत. मग मी त्यांना बांधलं. गाठ मारताना माझे हात किती सराईतपणे चालले, ते माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही.

पावणेतीनला त्यांनी हाक मारली, ऑफिस, मला लघवीला जायचंय. मी फोनवर होतो. आलो हं, म्हणालो. तीनला पुन्हा हाक आली, पुन्हा आलो हं. तिसऱ्यांदा त्यांनी हाक मारली तेव्हा मी वैतागलो, कारण मला वाटलं त्या नाटक करतायत. चारला सोडायला गेलो तर साडी आणि खुर्ची ओली. साठीच्या पुढची, इतका मोठा वॉर्ड चालवलेली बाई. मी तिथे मेल्याहून मेलो. त्या शांतपणे उठल्या, आत जाऊन साडी बदलून आल्या आणि म्हणाल्या, "मी नाटक नाही केलं. जमेल तितका वेळ धरून ठेवलं. मास्तर रोज धरून ठेवतात."

दुसऱ्या दिवशी पट्ट्या कापून फडकी झाली. काम मात्र तिप्पट वाढलं. बांधलेल्या माणसाकडे बघावं लागत नाही, सोडलेल्याकडे सतत बघावं लागतं. मास्तरांची खुर्ची मागे कलती केली, समोर टेबल दिलं, दर दोन तासांनी संडासला नेणं सुरू झालं. ते उठायची धडपड करायचे ती यासाठीच, हे कळायला आम्हाला दोन वर्षं लागली होती. तिघांचं असं एकेक कारण सापडलं. चौथे जोमाबाबा. त्यांचं काही केल्या सापडेना.

जोमाबाबा शिरवण्याचे. जुने आगरी, अंगानं काटक, डोक्यानं हरवलेले. मुलगा आला की त्यालाच पाहुणा समजायचे. दिवसातून दोनदा उठायचे आणि कुणाचं न ऐकता जिन्याकडे निघायचे. कधी सकाळी दहाला, कधी दुपारी चारला. धरलं तर मारायचे. सिस्टरांनी एक वही केली, तीत त्यांच्या उठण्याच्या वेळा लिहायच्या. पंधरा दिवसांची वही मला दाखवली. वेळ रोज थोडी पुढे सरकत होती, एवढंच दिसत होतं. मी म्हटलं, सिस्टर, वेड्याच्या वेळेला काय अर्थ. त्यांनी वही मिटली.

मग एक दिवस बाबांची थोरली बहीण भेटायला आली. सिस्टरांनी तिच्यापुढे वही वाचली. म्हातारी ऐकता ऐकता हसायला लागली.

"तो खुला नाय झाला," ती म्हणाली. खुला म्हणजे त्यांच्या बोलीत वेडा. "भरती भरली का उठतं तो. उघाडीची फली सुटली तं शेतान खारा पानी शिरंल ना."

खाडीकाठच्या शेताला बांध असतो आणि बांधाला फळीचं एक दार. त्याला उघाडी म्हणतात. भर भरतीला ती फळी नीट बसली आहे ना हे बघायला कुणीतरी बांधावर जायलाच हवं, नाहीतर खारं पाणी आत शिरून भात जातं. जोमाबाबांनी ते काम जन्मभर केलं होतं. बांध गेला, शेत गेलं, त्यावर आता टॉवर उभे आहेत, पण बाबा वेळेवर उठत होते. बहिणीनं वेळ काढायची रीतही सांगितली. तिथीची पाऊणपट करायची, तितक्या वाजता भरती पुरी. चतुर्थीला तीन, पंचमीला पावणेचार.

सिस्टर बौद्ध घरातल्या. आमच्यात तिथी कुणी बघत नाही, म्हणाल्या, म्हातारपणी पंचांग शिकायची पाळी आली. पण शिकल्या. रोज सकाळी आल्या की कॅलेंडरवर तिथी बघायच्या आणि बाबांची वेळ पाटीवर लिहायच्या. त्या वेळेला एक आया बाबांना हात धरून खाली न्यायची, मागच्या भिंतीपाशी बागेच्या पाण्याचा व्हॉल्व्ह होता तो त्यांना दाखवायची. बाबा वाकून तो घट्ट फिरवायचे, हात पुसायचे, म्हणायचे, "बसली." आणि वर येऊन चहा प्यायचे. सहा महिने त्यांनी कुणाला मारलं नाही. सिस्टरांना समाधानानं हसताना मी पाहिलं ते तेवढंच.

पुढच्या वर्षी त्यांच्या डोळ्यांची ऑपरेशनं झाली, दोन्ही डोळ्यांची, एकामागून एक. दीड महिना रजा. जाताना मला बजावून गेल्या की बाबांची तिथी रोज कॅलेंडरवर बघायची, अंदाजानं नाही. मी मनात हसलो. आमच्या घरी पिढ्यानपिढ्या पंचांग, आणि या मला तिथी शिकवायल्या. मी रोज बघायची कटकटच ठेवली नाही. प्रतिपदेपासूनचा पंधरा दिवसांचा एक सुबक तक्ता केला, त्याच्या तीन झेरॉक्स काढल्या आणि एकेक पंधरवड्याला एकेक भिंतीवर लावली.

मधल्या पंधरवड्यात एक क्षयतिथी होती, म्हणजे कॅलेंडरातून एक तिथी गळाली होती. पंधरवडा चौदा दिवसांत संपला, माझा तक्ता मात्र पंधरा दिवस चालला. तिथून पुढे तक्ता एक तिथी मागे पडला आणि भरती रोज माझ्या तक्त्यापेक्षा पाऊण तास उशिरा येत होती. क्षयतिथी म्हणजे काय, हे त्या अख्ख्या आश्रमात फक्त मला माहीत होतं.

सुनीतानं मला सांगितलं होतं. "सर, बाबा हल्ली उठतच नाय. आमी हात धरला की म्हणतात, अजून टाइम हाय." मी म्हटलं, बरं आहे की, सवय मोडतेय, तू टेन्शन घेऊ नकोस, तक्त्यावर टिक कर.

त्या दिवशी तक्त्यावर चतुर्थी होती. सुनीता तीन वाजता गेली, बाबा म्हणाले, अजून टाइम हाय. तिनं टिक केली आणि वहिनींना आंघोळ घालायला गेली. पावणेचारला बाबा आपले आपण उठले आणि जिना उतरायला लागले. मी आवाज ऐकून धावलो. सातव्या पायरीखाली पडले होते, आणि तशाही अवस्थेत माझा हात ढकलून दाराकडे बोट दाखवत होते. खुब्याचं हाड मोडलं होतं. पनवेलच्या एका इस्पितळात अठराव्या दिवशी गेले.

मुलगा दहा माणसं घेऊन आला. त्याचा एकच प्रश्न होता, बांधून का नाही ठेवला. अध्यक्षांनी बैठक बोलावली. सिस्टर काळा चष्मा लावून आल्या. बैठकीआधी वर गेल्या, भिंतीवरचा तक्ता उतरवला, नाकापाशी धरून वाचला. मग खाली येऊन माझ्या टेबलासमोर बसल्या.

"झेरॉक्स काढलीत," त्या म्हणाल्या.

मी मान हलवली.

मला वाटलं, आता शिव्या. पण त्या फार हळू बोलल्या. "आत गेल्यावर मी सांगेन, सेफ्टी सोडायचा निर्णय माझा. मला काढतील, काढू देत. तक्त्याचं मात्र तुम्ही सांगा. ते माझ्या तोंडून आलं तर अंग झटकल्यासारखं होईल. तक्ता चुकला म्हणून पडला, हे तुम्ही नाही सांगितलंत तर सगळे म्हणतील, सोडला म्हणून पडला. मग उद्यापासून सगळ्यांना बांधतील."

मी सांगतो म्हणालो. खरंच सांगणार होतो. आत गेलो तेव्हा बाबांचा मुलगा टेबलावर हात आपटत होता, अध्यक्ष घाम पुसत होते. सिस्टरांनी आपलं सांगितलं आणि माझ्याकडे वळून थांबल्या. अध्यक्षांनी मला विचारलं, ऑफिसचं काही म्हणणं आहे का. नोकरी, पोलीस, बाबांचा मुलगा, सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं. मी म्हणालो, काही नाही. सिस्टरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. त्यांनी तेव्हाही तक्त्याचं नाव काढलं नाही. त्यांनी बोलावं असं मला वाटत होतं, आणि बोलू नये असंही. इतका भेकड मी आहे, हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं.

सोमवारी त्या आल्या नाहीत. अध्यक्षांनी फोन करून सांगितलं, सेफ्टी पुन्हा सुरू करा, सहा जणांची यादी पाठवतो. आयांना जमेना. सुनीता रडायला लागली, म्हणून पट्ट्या मीच फाडल्या आणि मीच बांधायला निघालो. यादीत पहिलं नाव मास्तरांचं होतं. मी समोर उभा राहिलो. त्यांनी माझ्या हातातली पट्टी पाहिली आणि आपले दोन्ही थरथरणारे हात स्वतःहून खुर्चीच्या हातांवर ठेवले.

या गोष्टीला आता चार वर्षं होतील. मी तिथला मॅनेजर आहे. आश्रम स्वच्छ आहे, फिनेलचा वास येतो, वाढदिवसाला केक येतो.

मागच्या महिन्यात सानपाड्याला एका कामासाठी गेलो होतो. स्टेशनबाहेर भाजीवाल्यांपाशी सिस्टर दिसल्या. हातात काठी, पाय सुजलेले, अंग निम्मं झालेलं. मी तोंड चुकवून जाणार तोवर हाक आली.

"ऑफिस."

जवळ गेलो. त्यांनी माझी, सुनीताची चौकशी केली. मास्तर गेल्याचं मी सांगितलं. मग म्हणाल्या, "त्या दिवशी तुम्हाला बोलता आलं नाही, ते समजलं मला. माणूस घाबरतो. नंतर सांगितलंत ना?"

मी हो म्हणालो.

"मग सोडलंय सगळ्यांना?"

"हो, सिस्टर."

त्यांचा चेहरा मोकळा झाला. काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली आणि माझ्या दंडाला धरून म्हणाल्या, दोन महिन्यांत तिसऱ्यांदा घरात पडले, आता एकटीनं होत नाही. भाचा कुठेतरी ठेवायचं म्हणतो. मी चार ठिकाणं बघून आले, सगळीकडे बांधतात. "मला तुमच्याकडेच न्या. बाकी काही नको, बांधलेलं तेवढं मला सहन होणार नाही."

भाजीवाला माझ्याकडे बघत होता. मी म्हणालो, सध्या जागा नाही, सिस्टर.

"मग वेटिंगला नाव घाला," त्या म्हणाल्या. "मी थांबते."

मी खिशातून डायरी काढली आणि तिथेच उभ्या उभ्या त्यांचं नाव, पत्ता, भाच्याचा नंबर लिहून घेतला. त्या दिवशी आमच्याकडे पाच कॉट रिकाम्या होत्या.